गाडी दहा मिनिटं थांबेल

मी बँकेत कारकून आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे थोडा इतिहास येणार आहे आणि 'हा कोण लागून गेला इतिहास सांगणारा?' असं वाचकांनी विचारण्याआधी आपणच खुलासा केलेला बरा. मी बी.कॉम. आहे. इतिहासाचा पेपर मी दहावीला शेवटचा लिहिला आणि त्यात मला पडलेले मार्क हीसुद्धा आता एक ऐतिहासिक बाब होऊन बसली आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी बदली सोलापूरहून उमरग्याला झाली. मुलांच्या शाळा सोलापुरात, बायकोची शिकवणी सोलापुरात, वडिलांचा डॉक्टर सोलापुरात. तेव्हा बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त मी हलायचं ठरलं. रोज सकाळी एस.टी.नं जायचं, रोज संध्याकाळी एस.टी.नं यायचं. आमच्याकडे याला 'अप-डाऊन करणं' म्हणतात. सोलापूर-हैदराबाद हा रस्ता पूर्वी 9 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता 65 नंबरचा झाला आहे. नंबर वाढला म्हणून पगार वाढला नाही, एवढंच.

या रस्त्यावर मधे नळदुर्ग लागतं. सुट्ट्या, संप आणि आजारपणं वजा जाता वर्षाला 240 दिवस धरले, तर तीन वर्षांत मी नळदुर्गावरून 1440 वेळा गेलो. आणि उतरलो किती वेळा? शून्य. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा आकडा खटकायला हवा होता. पण सकाळी त्या सुमाराला मी झोपेत असतो आणि संध्याकाळी विचारात. विचार म्हणजे, सोलापूर आल्यावर रिक्षा करावी की चालत जावं, असल्या दर्जाचे.

परवाच्या श्रावणात मात्र गंमत झाली. नळदुर्गच्या स्टँडवर गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "गाडी दहा मिनिटं थांबंल. ज्यांला चहा प्यायचाय त्यांनी पिऊन घ्या."

आता चूक त्या सज्जन माणसाची नाही, माझी आहे. दहा मिनिटांची आमची बँकेतली कल्पना वेगळी असते. आम्ही काउंटरवरून "दहा मिनिटं बसा" म्हणतो, तेव्हा समोरच्यानं सतरंजी घेऊन यावं असा त्याचा अर्थ असतो. त्या हिशेबानं मी खाली उतरलो. समोरच्या गाड्यावर मिरचीची भजी तळायला टाकली होती. घाणा निम्मा तळून सोडून जाणं बरं दिसेना. भजी आली, कागदात बांधून घेतली, वळून पाहतो तर गाडीच्या जागी एक शेळी उभी!

"गेली की वो गाडी," भजीवाला म्हणाला. माणूस गेल्यावर सांत्वन करावं तसा त्याचा आवाज होता. "दोनदा बेल मारली त्यानं. तुमी मिरच्या मोजायलावता."

माझी पिशवी, डबा, छत्री आणि खिडकीची जागा उमरग्याकडे निघून गेली होती. मी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकांना गाठलं. त्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "तुमची पिशवी उमरग्याच्या स्टँडवर काढून ठेवतेत. निवांत जावा. अर्ध्या तासात दुसरी गाडी आहे." मग मी शाखेत फोन केला. साहेब म्हणाले, "आता येऊन तरी काय करणार? अर्धी रजा टाका."

अर्धी रजा! ज्यांनी नोकरी केली आहे त्यांनाच या शब्दाचं पावित्र्य कळेल. एकदा रजा पडली म्हटल्यावर ती वाया घालवणं कारकुनाच्या धर्मात बसत नाही. अर्ध्या तासात येणारी गाडी घेऊन कामाला जाणं म्हणजे रजेचा अपमान. मी ठरवलं की दुपारपर्यंत नळदुर्ग पाहायचं.

सुरुवात अर्थातच स्टँडपासून केली. एस.टी. स्टँडच्या भोवतालची वस्ती हा माझ्या मते एक स्वतंत्र देश आहे. तिथे चहाची टपरी, केळ्यांचा गाडा, मोबाईलची काच बदलून देणारा, पंक्चरवाला, झेरॉक्स आणि 'येथे सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' असा एक माणूस असतोच. काळ्या-पिवळ्या जीपचे ड्रायव्हर "जळकोट, जळकोट" करून ओरडतात आणि तुम्ही जळकोटला जाणार नाही म्हटलं, तर 'मग जन्माला कशाला आलात?' अशा नजरेनं पाहतात. एका बाकावर मराठी चाललेलं, दुसऱ्यावर कानडी, तिसऱ्यावर दखनी, आणि ट्रकवाल्यांचं तेलुगू हे सगळ्यांच्या डोक्यावरून. मी एकाला मराठीत वेळ विचारली, त्यानं कानडीत शेजाऱ्याला विचारली, शेजाऱ्यानं दखनीत सांगितली. वेळ शेवटी कळली, पण तोवर ती बदलली होती.

पाट्या वाचणं हा माझा जुना नाद. इथल्या पाट्यांवर मला जिल्ह्याचा इतिहासच सापडला. एका दुकानावर 'जि. उस्मानाबाद' होतं, शेजारच्यावर 'जि. धाराशिव', आणि तिसऱ्यानं भांडण नको म्हणून नुसतं 'जि.' लिहून पुढे रंग संपवला होता. जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं, तेव्हा आमच्या ड्रॉवरमधल्या रबरी शिक्क्यांचा एक डबा भरला होता. पण गंमत अशी की, या जिल्ह्याला ही सवय जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारदरबारी याचं नाव नळदुर्ग जिल्हा असं होतं. म्हणजे मी ज्या गावात भजी खात उभा होतो, ते कधीकाळी जिल्ह्याचं गाव. मग जिल्ह्याचं ठाणं धाराशिवला गेलं, त्याचं उस्मानाबाद झालं आणि नळदुर्गाकडे फक्त किल्ला आणि स्टँड उरला. सेवानिवृत्त साहेबाकडे घड्याळ आणि शाल उरते, तसं.

आणि हा जिल्हा एकदा चक्क तारण म्हणून गेला होता! ही गोष्ट कळल्यापासून तर माझा ऊर भरून आला आहे. हैदराबादच्या निजामानं पदरी एक फौज ठेवली होती. अधिकारी इंग्रजांचे, खर्च निजामाचा. हा खर्च थकत गेला. कंपनी सरकार त्यासाठी पैसे घालत गेलं आणि खातं फुगलं. शेवटी 1853 साली तह झाला आणि वसुलीसाठी निजामानं वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. आम्ही ट्रॅक्टरवर कर्ज देताना चार जामीनदार मागतो. इथे एका सहीत जिल्हेच्या जिल्हे तारण. पुढे 1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याचं बक्षीस म्हणून 1860 साली धाराशिव आणि रायचूर परत मिळालं, शिवाय सुमारे 50 लाखांचं कर्ज माफ. कर्जमाफीची प्रथा मराठवाड्यात अलीकडची आहे असं समजणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी.

त्या तारणाचा कारभार पाहायला नळदुर्गात जो साहेब आला, त्याचं नाव कॅप्टन मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूलचा, 1808 सालचा. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही त्याची ठगांवरची कादंबरी 1839 साली निघाली आणि विलायतेत गाजली. पण मला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. हा गृहस्थ पंधराव्या वर्षी मुंबईला आला तो एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून! आमच्याच जातीचा. व्यापाऱ्याची परिस्थिती पाहून त्यानं ती वाट सोडली आणि 1824 साली निजामाच्या फौजेत नाव नोंदवलं. 1853 ते 1857 तो नळदुर्गात होता. कारकुनीतून सुटलेला माणूस किल्ल्यात राहतो, कादंबऱ्या लिहितो, आणि न सुटलेला माणूस उरलेल्या मिरच्या कागदात गुंडाळून तोच किल्ला पाहायला चालत निघतो. यालाच पदोन्नतीच्या संधी म्हणतात.

किल्ल्याविषयी मी फार सांगणार नाही. सांगण्यासारखं नाही म्हणून नव्हे. बुरूज मोजता मोजता मी तेराव्याला चुकलो आणि कॅशमध्ये फरक आल्यासारखा पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो, म्हणून. पण पाणीमहाल सांगितल्याशिवाय राहवत नाही. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं 1613 साली बोरी नदी अडवून बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात महाल बांधला. पाणी वरून कोसळतं आणि आत आपण कोरडे. बांधावरून पाणी पडायच्या दोन जागा, एकीला नर म्हणतात, दुसरीला मादी. श्रावणातला पाऊस चांगला झालेला, दोन्हीकडून पाणी पडत होतं. मी आतल्या झरोक्यात उभा राहिलो. समोर पाण्याचा पडदा, अंगावर तुषार, कानात गर्जना. शेजारी एक नवविवाहित जोडपं उभं होतं. नवरा काहीतरी बोलत होता, बायकोला काही ऐकू येत नव्हतं आणि दोघंही सुखी दिसत होती. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या सुलतानाला संगीताचा नाद होता म्हणतात. संसाराचंही बरंच कळत असावं.

परतताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला रस्ता दाखवला आणि मोबदल्यात खंडोबाची गोष्ट ऐकायला लावली. ती तुम्हालाही ऐकावी लागेल. नळदुर्गजवळ मैलारपूरला खंडोबाचं देऊळ आहे आणि चार-पाच किलोमीटरवर अणदूरला दुसरं. देवळं दोन, मूर्ती मात्र एकच. ती सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मूर्ती नेताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देव केव्हा न्यायचा, केव्हा परत आणायचा, सगळं कागदावर. मी हात जोडले. सव्वादहा अधिक पावणेदोन, बरोबर बारा. हिशेबात पैचा फरक नाही! शिवाय प्रत्यक्ष मल्हारीला जिथे दरसाल बदली चुकत नाही, तिथे उमरग्याबद्दल मी कुरकुर करणं बरं नव्हे.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. स्टँडवर परत आलो आणि बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमाचा, गेल्या वर्षीचा, निम्मा फाटलेला कागद होता. '17 सप्टें' एवढंच उरलं होतं. तो कागद पाहताना एक गोष्ट आठवली, आणि हातातला चहा गार होईपर्यंत डोक्यातून गेली नाही.

माझे वडील पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आम्ही मूळचे नळदुर्गचे, एवढं मला लहानपणापासून माहीत. आजोबांचं इथे किराणा दुकान होतं. पण आम्ही कधी इथे आलो नाही. लहानपणी वडिलांबरोबर उमरग्याला, हैदराबादला लग्नाकार्याला जाताना नळदुर्ग लागायचं. बोरी नदी जवळ आली की वडील झोपेतून जागे व्हायचे, समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरायचे आणि नदी मागे पडली की सोडायचे. मी म्हणायचो, "बाबा, चहाला उतरू या." ते म्हणायचे, "गाडी चुकंल." गाडी अर्धा तास थांबली असली तरी हेच.

1948 साली इथे काय झालं ते पुस्तकांत आहे. देश स्वतंत्र होऊन वर्ष लोटलं तरी हैदराबाद संस्थान वेगळं होतं. सोलापूर इकडे, नळदुर्ग तिकडे. नाणंसुद्धा वेगळं : इकडे कलदार, तिकडे हाली, आणि सहा कलदार म्हणजे सात हाली. निजामाच्या मुलखात सरकारी बस 1932 पासूनच होती, 27 गाड्यांनी सुरू झालेली. आपली एस.टी. 1 जून 1948 रोजी पुणे ते नगर अशी पहिल्यांदा धावली. पण त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात या रस्त्यावरचे लोक बसच्या वेळापत्रकाची चौकशी करत नव्हते. रझाकारांच्या दहशतीनं हद्दीवरची माणसं चंबूगबाळं उचलून सोलापूर-बार्शीकडे पळत होती.

मग 13 सप्टेंबर उजाडला. पहाटे चारच्या सुमाराला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं याच रस्त्यानं आत शिरली. पहिली लढाई नळदुर्गला. बोरीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात घेणं हा पहिला डाव होता, तो साधला. पूल शाबूत हाती आला. नऊ वाजता रणगाडे जळकोटला, दुपारी सव्वातीनच्या सुमाराला उमरग्याला. पाचव्या दिवशी, 17 तारखेला, निजामानं शस्त्रं खाली ठेवली. त्या दिवशी रणगाड्यांनी नळदुर्ग-उमरगा हे अंतर ज्या रस्त्यानं कापलं, त्याच रस्त्यावर मी रोज खिडकीला डोकं टेकून घोरत होतो.

संध्याकाळी घरी गेलो. (पिशवी दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या स्टँडवर मिळाली, डबा उघडण्याचं धाडस मात्र कुणी केलं नाही.) वडील गॅलरीत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, आज नळदुर्गला उतरलो होतो." त्यांनी श्रवणयंत्र नीट केलं. वास्तविक त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या शेजारी तांबोळ्याचं घर होतं. त्याचा पोरगा माझ्याएवढा, आठ वर्षांचा. माझ्या तेवीस गोट्या होत्या त्याच्याकडं."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्या श्रावणात एके रात्री आजोबांनी घर सोडायचं ठरवलं. गाडीवान मिळेना. तेव्हा शेजारच्या तांबोळ्यानं स्वतःची बैलगाडी जुंपली. आजी, वडील, धाकटी आत्या यांना कडब्याखाली झोपवलं आणि हद्दीपर्यंत आणून सोडलं. वाटेत कुणी अडवलं तर त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी श्वाससुद्धा घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. नदी ओलांडताना चाकांचा आवाज झाला, तेव्हा वडिलांनी गाडीची साठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"दसऱ्याच्या सुमाराला तुझा आजोबा दुकान बघायला म्हणून गेला," वडील म्हणाले. "आपलं दुकान होतं तसं होतं. तांबोळ्याच्या घराला कुलूप. कुणी म्हणे हैदराबादेला गेले. कुणी आणखी काही म्हणे. आजोबा परत आला तो चार दिवस जेवला नाही. मग आम्ही सोलापूरच धरलं."

फौजा पुढे निघून गेल्यावर या भागात जे झालं, ते मुक्तिदिनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतं. दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षी पाहणीला आली होती. मुसलमान वस्तीला सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव लिहिलं. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. आमच्या घरातही एक कपाट होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आधीची दहशत खरी आणि नंतरचीही खरी. जमेची बाजू आणि नावेची बाजू लिहून खाली बाकी काढायची मला सवय; पण हे खातं मला जुळवता येईना.

"रविवारी मला ने," वडील म्हणाले. "मला तिकीट लागत नाही."

हेही खरंच होतं. पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 पासून एस.टी. फुकट आहे. माझं मात्र पूर्ण तिकीट पडलं.

रविवारी आम्ही गेलो. नदी आली तेव्हा वडिलांनी दांडी धरली. मी काही विचारलं नाही, आपणही दांडी धरली. स्टँडवर उतरलो. भजीवाल्यानं मला ओळखलं आणि "आज गाडीकडं ध्यान ठेवा" असा आहेर केला. वडील मला हाताला धरून, म्हणजे मी त्यांना धरून, बाजाराच्या बोळांतून नेऊ लागले. तीनदा चुकलो. शेवटी एका मोबाईलच्या दुकानासमोर ते थांबले. दुमजली नवी इमारत, काचेचं दार, आत निळे दिवे. "हे आपलं," म्हणाले. शेजारी एक बोळ आणि त्यापुढे ब्यूटी पार्लर. त्याविषयी काही बोलले नाहीत. नुसते पाहत राहिले. पार्लरमधली मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, कुणाला बघायलाव?"

"कुणाला नाही बाळ," म्हणाले.

परत येताना स्टँडजवळ एक पानपट्टी दिसली. माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. दोन टोकं जुळवावीत, खातं बंद करावं, म्हणून मी पानवाल्याला विचारलं, "तुम्ही इथलेच का? तांबोळी?"

"नाय साहेब," तो म्हणाला. "मी गुलबर्ग्याचा. आडनाव कुलकर्णी."

वडील खळखळून हसले. त्यांना इतकं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मग त्यांनी एक साधं पान लावून घेतलं. वडिलांनी आयुष्यात कधी पान खाल्लेलं नाही. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि वरून हात धरला.

सोलापूरची गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून सांगत होता, "दहा मिनिटं थांबंल."

मी म्हटलं, "चला बाबा, गाडी चुकेल."

"चुकू दे," वडील म्हणाले आणि बाकावर बसले.